नव्वदावं विधान: श्रद्धा, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

श्रद्धा आणि विज्ञान यांच्या भांडणाची पार्श्वभूमी सांगायची म्हटली की गॅलिलिओपासून सुरुवात करायची रीत पडली आहे. १६३३चा खटला आणि १९९२मधली पोपची कबुली वाचकांना पाठ आहे, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. ख्रिस्ती ईश्वरविज्ञानात, म्हणजे देवाविषयीच्या सिद्धांतांच्या शिस्तबद्ध अभ्यासात, आज जे तट दिसतात, ते त्या खटल्यावरून पडलेले नाहीत. त्यांच्या मुळाशी याहून जुना आणि चिवट प्रश्न आहे. एखादं शास्त्र स्वतःच आखलेल्या हद्दीत राहून ‘असं घडू शकत नाही’ म्हणालं, तर हद्दीबाहेर त्या वाक्याची किंमत किती? याच प्रश्नावरून १२७७मध्ये पॅरिसच्या बिशपने निषिद्ध विधानांची यादी काढली; शीर्षकातलं नव्वदावं विधान त्या यादीतलं.

पहिलं सहस्रक थोडक्यात उरकतो. इसवी सन २००च्या आसपास कार्थेजमधल्या एका लेखकाने ‘अथेन्सचा यरुशलेमशी काय संबंध?’ असं फटकारून विचारलं. त्याच्या आधीच्या पिढीतल्या एका हुतात्म्याने मात्र सॉक्रेटिसलाही ख्रिस्तपूर्व ख्रिस्ती म्हणून जवळ केलं होतं. ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य लिहिताना तंबी दिली. ग्रहताऱ्यांची माहिती असलेल्या परक्यांसमोर ख्रिस्ती माणूस शास्त्रवचनांचा हवाला देऊन काहीबाही बोलू लागला, तर लोक हसतील आणि मग पुनरुत्थानाबद्दलही त्याचं कोणी ऐकणार नाही. हा सल्ला पुढे प्रत्येक बाजूने दुसऱ्या बाजूला ऐकवला.

पद्धतशीर ईश्वरविज्ञानाची घडी बसली ती बाराव्या शतकात. पॅरिसमध्ये १६व्या शतकापर्यंत चाललेलं पाठ्यपुस्तक तेव्हाचंच. त्याचे चार भाग होते: देव, निर्मिती, ख्रिस्ताचं देहधारण, आणि शेवटी संस्कारविधी व अंतकाळ. एक मत हललं की त्याला टेकलेली बाकीचीही हलतात, हे या मांडणीमुळे उघड दिसू लागलं. ‘निर्मिती’च्या भागात तत्त्वज्ञ आले की चौथ्या भागापर्यंत धक्के बसत.

आणि ते आले. अॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ अरबी भाष्यांसह लॅटिनमध्ये उतरले होते. १२१०मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या अध्यापनावर बंदी आली, १२१५मध्ये ती पुन्हा बजावली गेली, १२३१मध्ये पोपने चुका काढून टाकायला समिती नेमली. १२५५मध्ये पॅरिस विद्यापीठाच्या कला शाखेने (तत्त्वज्ञान तिथेच शिकवलं जाई) हेच ग्रंथ अभ्यासक्रमात सक्तीचे केले! पंचेचाळीस वर्षांत बंदीचं पुस्तक परीक्षेचं झालं. त्यात तीन गोष्टी टोचत होत्या: जग अनादी आहे, सगळ्या माणसांची बुद्धी मिळून एकच आहे, आणि देवाला एकेका व्यक्तीचं ज्ञान नाही. यातली दुसरी गोष्ट खरी धरली तर मरणानंतर न्याय कोणाचा करायचा, हाच प्रश्न पडतो.

जगाच्या अनादित्वावर तीन तट पडले. फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाच्या गोटातल्या मोठ्या आचार्यांचं म्हणणं असं की निर्माण केलेलं जग अनादी असणं मुळातच विसंगत आहे आणि तर्काने ते दाखवता येतं. टॉमस आक्विनास या ईश्वरविज्ञान-पंडिताने मधली वाट धरली. जगाला आरंभ आहे हे आपण विश्वासाने मानतो, पण तर्काने ते सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही. शिवाय निर्मिती म्हणजे ‘पहिला क्षण’ नव्हे. जग अनादी असतं तरी अस्तित्वासाठी ते प्रत्येक क्षणी देवावरच अवलंबून असतं. तिसरा तट कला शाखेतल्या तरुण अध्यापकांचा. त्यातल्या एका डॅनिश तत्त्वज्ञाने जे मांडलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत नेमकं वाटतं. निसर्गाचा अभ्यासक निसर्गातल्या कारणांवरून बोलतो. त्याच्या शास्त्रात प्रत्येक हालचालीआधी दुसरी हालचाल असते, त्यामुळे पहिली हालचाल त्याला मान्य करता येत नाही. म्हणून ‘माझ्या गृहीतांनुसार जगाला आरंभ नाही’ असं म्हणणं त्याला भाग आहे. विश्वासू माणूस ‘जगाला आरंभ आहे’ म्हणतो तेही खरं, कारण त्याचा आधार निसर्गापलीकडचा आहे. दोघं एकमेकांना खोडत नाहीत.

पॅरिसच्या बिशपला हे पटलं नाही. १२७०मध्ये त्याने १३ विधानं निषिद्ध ठरवली होती. १८ जानेवारी १२७७ रोजी पोपने त्याला पत्र लिहून चौकशी करून कळवायला सांगितलं. बिशपने सोळा ईश्वरविज्ञान-पंडित बसवले आणि ७ मार्चला, म्हणजे सात आठवड्यांत, थेट २१९ विधानांची निषेधयादी जाहीर केली. ही मतं शिकवणाराच नव्हे, ऐकणाराही सात दिवसांत बिशपकडे किंवा विद्यापीठाच्या कुलपतीकडे येऊन कबूल झाला नाही, तर चर्चमधून बहिष्कृत. यादी घाईची आहे हे वाचताना जाणवतं. कला शाखेतल्या टवाळांचं वाटावं असं ‘ईश्वरविज्ञान दंतकथांवर उभं आहे’ हे विधान तिथे आहे, ‘तत्त्वज्ञानापेक्षा श्रेष्ठ जीवन नाही’ हेही आहे, आणि त्यांच्याच रांगेत देवदूत आणि द्रव्य यांच्याबद्दलची गंभीर मतं बसवली आहेत. त्यातली काही आक्विनासच्या मतांशी जुळणारी. आक्विनासला मरून त्या दिवशी बरोब्बर तीन वर्षं झाली होती. अकरा दिवसांनी ऑक्सफर्डमध्येही ३० विधानांवर बंदी आली.

यादीतलं नव्वदावं विधान म्हणजे त्या डॅनिश तत्त्वज्ञाचं मत, पण अट काढून घेतलेलं. ‘माझ्या गृहीतांनुसार’ गळलं आणि निसर्गतत्त्वज्ञाने जगाचा आरंभ सरसकट नाकारला पाहिजे, असं वाक्य उरलं. प्रस्तावनेत बिशपने आरोप ठेवला की हे लोक एक गोष्ट तत्त्वज्ञानात खरी आणि श्रद्धेत खोटी मानतात, जणू परस्परविरोधी दोन सत्यं असतात. ‘दुहेरी सत्य’ हा शिक्का इथला. असं सरळ मानणारा एकही अध्यापक अभ्यासकांना नक्की दाखवता आलेला नाही. त्या डॅनिश अध्यापकाचा मूळ प्रबंध १९५४मध्ये छापून आला, तेव्हाही तो आधी दुहेरी सत्याचाच पुरावा म्हणून वाचला गेला. मग इतरांनी अट दाखवून दिली. सातशे वर्षं टिकलेल्या आरोपाला एवढा उशीर क्षम्य म्हणायचा.

बिशपच्या बाजूनेही बोलायला हवं. अट लावल्याने प्रश्न मिटतो का? विश्वासू माणूस जे खरं मानतो ते निव्वळ खरं, आणि शास्त्रज्ञाचं मात्र ‘गृहीतांपुरतं’. मग शास्त्र नेमकं कशाबद्दल बोलतंय, जगाबद्दल की आपल्या गृहीतांबद्दल? हा प्रश्न बिशपने ओबडधोबडपणे विचारला, पण तो प्रश्न खरा होता.

निर्णयाचे परिणाम उलटसुलट झाले. आक्विनासला १३२३मध्ये संतपद मिळालं, त्यामुळे १३२५मध्ये पॅरिसच्याच दुसऱ्या बिशपला त्याच्या मतांपुरता निषेध मागे घ्यावा लागला. कला शाखेतला दुसरा प्रमुख आरोपी पॅरिस सोडून इटलीत गेला आणि तिथे स्वतःच्याच कारकुनाच्या हातून मारला गेला. एका इटालियन महाकवीने पुढे त्याला स्वर्गात आक्विनासच्या मेळ्यात बसवलं आणि त्याची स्तुतीही आक्विनासच्याच तोंडी घातली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोर्दोमधल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने दावा केला की आधुनिक विज्ञानाचा जन्म याच १२७७च्या यादीत झाला. त्याचा मुद्दा एकोणपन्नासाव्या विधानावर उभा होता: देव आकाशाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण मागे पोकळी राहील. हे म्हणायलाच बंदी आल्यावर ‘पोकळी असती तर काय झालं असतं?’ असा विचार करणं भाग पडलं आणि अॅरिस्टॉटलची पकड सुटली. दावा टाळ्या घेणारा आहे. चौदाव्या शतकात पॅरिसच्या कला शाखेतल्या बुरिदानसारखे लोक पोकळीवर आणि फेकलेल्या दगडाच्या गतीवर नव्याने लिहीत होते, हे खरं. पण याच बुरिदानला, पोकळीच्या प्रश्नात ईश्वरविज्ञान मिसळतो म्हणून ईश्वरविज्ञानवाल्यांचे बोल खावे लागले होते, हेही खरं. बंदीमुळे कल्पनाशक्तीला वाव मिळाला असेल. पण तो वाव द्यावा म्हणून कोणी बंदी घातली नव्हती. पुढच्या इतिहासकारांनी जन्मतारखेचा दावा बहुतेक सोडून दिला आहे.

मधली शतकं भराभर. सप्टेंबर १५१७मध्ये, म्हणजे प्रोटेस्टंट बंडाला तोंड फोडणाऱ्या आपल्या ९५ कलमांच्या आधी, ल्यूथरने लिहिलं की अॅरिस्टॉटल सोडल्याशिवाय कोणी ईश्वरविज्ञानी होत नाही. शंभर वर्षांत प्रोटेस्टंट विद्यापीठांत अॅरिस्टॉटल पुन्हा मानाने बसला होता. मोठी मांडणी करायची तर व्याख्या आणि भेद लागतातच, आणि ते देणारं दुसरं दुकान जवळपास नव्हतं. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमधल्या एका प्राध्यापकाने सगळ्या रचनेचा पायाच बदलला. त्याने सिद्धांतांची मांडणी देवावर संपूर्ण अवलंबून असण्याच्या जाणिवेवर केली. यामुळे विज्ञानाशी टक्कर टळते खरी, पण जगाच्या आरंभाबद्दल ईश्वरविज्ञानाकडे बोलायलाही फारसं उरत नाही.

अमेरिकेत प्रिन्स्टनला नेमकं उलट झालं. १८७१ ते १८७३ दरम्यान निघालेल्या तीन खंडी ग्रंथात तिथल्या एका आचार्यांनी ईश्वरविज्ञान हेही एक विगामी शास्त्रच ठरवलं. निसर्ग शास्त्रज्ञाला जे पुरवतो, तेच बायबल ईश्वरविज्ञानाला पुरवतं: तथ्यं. ती गोळा करा, लावा, नियम काढा. आजच्या ‘बायबल विरुद्ध विज्ञान’ भांडणाचं बीज मला डार्विनपेक्षा या वाक्यात जास्त दिसतं. एकदा बायबलला तथ्यांचं कोठार म्हटलं की दोन कोठारांतला माल जुळलाच पाहिजे. गंमत म्हणजे खुद्द या आचार्यांनी सृष्टीच्या सहा दिवसांचा अर्थ दीर्घ कालखंड असा घ्यायला हरकत घेतली नव्हती. १८७४मध्ये त्यांनी डार्विनवादाला निरीश्वरवाद म्हटलं, तेही उत्क्रांतीसाठी नव्हे, तर त्यात हेतूला जागा नाही म्हणून. त्यांच्याच गादीवर पुढे आलेले विद्वान उत्क्रांतीबाबत बरेच मोकळे होते. पृथ्वी काही हजार वर्षांचीच, हा आग्रह अमेरिकी चर्चांमध्ये नव्याने पसरला तो १९६०च्या दशकात.

रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, १८७०मध्ये धर्मसभेत ठराव केला की देवाचं अस्तित्व बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात खात्रीने जाणता येतं, आणि श्रद्धा व बुद्धी यांच्यात खरा विरोध असूच शकत नाही. १८७९मध्ये आक्विनासला अभ्यासाचा आदर्श ठरवण्यात आलं. याविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठला तो स्विस प्रोटेस्टंट ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थचा. १९३४मध्ये त्याच्याच जवळच्या एका सहकाऱ्याने, निसर्गातून देवाकडे बोट दाखवता येईल एवढी जागा ठेवा, असं सुचवलं. बार्थच्या उत्तराचं शीर्षक फक्त ‘नाही!’ असं होतं. त्या वर्षी जर्मनीत ‘रक्त आणि माती’ या नाझी घोषणेतून देवाची इच्छा वाचणारे पाद्री होते, हे ध्यानात ठेवलं की तो कडवटपणा समजतो. आपल्या मोठ्या ग्रंथातल्या, निर्मितीवरच्या खंडाच्या प्रस्तावनेत बार्थने लिहिलं की या विषयात निसर्गविज्ञानाचे ना आक्षेप लागू होतात ना मदत. १९६५मध्ये नात्यातल्या एका मुलीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, सृष्टीकथा आणि उत्क्रांतिवाद यांचा मेळ घालणं म्हणजे चर्चमधला ऑर्गन आणि व्हॅक्यूम क्लीनर यांचा मेळ घालण्यासारखं आहे. सुटसुटीत उत्तर आहे, पण दोन्ही एकाच जगाबद्दल बोलतात की नाही, हे त्यात कळत नाही. १९७३मध्ये म्युनिकच्या एका प्राध्यापकाने हाच आक्षेप घेऊन आख्खं पुस्तक लिहिलं. ईश्वरविज्ञानाची विधानंही तपासायला खुली असली पाहिजेत, नाहीतर तो खाजगी छंद होईल, असा त्याचा सूर होता.

दरम्यान जगाच्या आरंभाचा प्रश्न भौतिकशास्त्रातच उगवला. बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र या पाद्रीने १९३१मध्ये विश्व एका आदिम अणूतून निघालं असावं, असं मांडलं. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोपनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना विज्ञान जणू बायबलमधल्या ‘प्रकाश होवो’ या शब्दांचंच साक्षीदार झालं आहे, असा सूर लावला. खूश व्हायला हवं होतं तो लमेत्रच अस्वस्थ झाला. त्याचं गणित गृहीतकावर होतं, ते उद्या बदलू शकत होतं, आणि निर्मितीचा सिद्धांत त्यावर टांगणं दोघांनाही धोक्याचं होतं. सप्टेंबर १९५२मध्ये रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले तेव्हा पोपच्या भाषणात तो दावा नव्हता. आपला सिद्धांत सगळ्या आधिभौतिक आणि धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, असं लमेत्रने १९५८मध्ये स्पष्टच म्हटलं. नव्वदाव्या विधानातली गळलेली अट एका पाद्रीने, तीही भौतिकशास्त्रज्ञ म्हणून, पुन्हा मागून घेतली.

अलीकडे चर्चेत चार खाने सर्रास वापरले जातात: संघर्ष, स्वतंत्र क्षेत्रं, संवाद, एकत्रीकरण. अभ्यासक्रमाला सोयीचे आहेत. पण आक्विनासला कुठल्या खान्यात टाकायचं, हे विचारलं की ते लगेच अपुरे पडतात, आणि ‘संघर्ष’ हा खाना तर १८७४ आणि १८९६मधल्या दोन अमेरिकी ग्रंथांनी रंगवलेल्या चित्रावर पोसला आहे.

त्यापेक्षा ‘पद्धतीपुरता निसर्गवाद’ या भूमिकेवरचं भांडण जास्त बोलकं आहे. विज्ञानाने विज्ञान म्हणून फक्त नैसर्गिक कारणं शोधावीत, त्यावरून देव नाही असं म्हणू नये. ही भूमिका या नावाने १९८०च्या दशकात एका ख्रिस्ती तत्त्वज्ञानेच मांडली, आणि दुसऱ्या एका ख्रिस्ती तत्त्वज्ञाने ती पुढे नाकारली. विश्वासू माणसाने जे माहीत आहे ते प्रयोगशाळेच्या दाराबाहेर का ठेवायचं, असा त्याचा सवाल. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावच्या शाळामंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात ‘बुद्धिमान रचने’चा, म्हणजे जीवसृष्टीमागे कोणी बुद्धिमान रचनाकार आहे या मताचा, उल्लेख घुसवला, तेव्हा हे भांडण न्यायालयात गेलं. २००५च्या डिसेंबरमध्ये निकाल मंडळाविरुद्ध लागला. पालकांच्या बाजूने साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्यांत एक कॅथलिक ईश्वरविज्ञानी होते. रचनेचा पुरावा विज्ञानात शोधणारे देवाला इतर कारणांच्या रांगेतलं आणखी एक कारण करून टाकतात, ही त्यांची तक्रार होती. समोरच्या बाजूचे लोकही तितकेच श्रद्धावान होते.