इनग्रेस : स्वतःच्या कंटेनर क्लस्टरमध्ये बाहेरून येणाऱ्या वाहतुकीचे व्यवस्थापन

इनग्रेस : कंटेनर क्लस्टरच्या, म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेले प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रसमूहाच्या, बाहेरून येणारी विनंती आतल्या नेमक्या सेवेपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. क्लाउडमध्ये भाड्याने क्लस्टर घेणाऱ्याला या व्यवस्थेचा अर्धा भाग दिसतच नाही. सार्वजनिक आयपी पत्ता देणे, त्यामागे लोड बॅलन्सर, म्हणजे वाहतूक अनेक यंत्रांत वाटणारा घटक, उभा करणे आणि एखादे यंत्र बंद पडले की वाहतूक दुसऱ्याकडे वळवणे ही कामे पुरवठादार परस्पर करतो. क्लस्टर स्वतःच्या यंत्रांवर उभारला की ही तिन्ही कामे मालकाच्या अंगावर येतात. कोणता इनग्रेस कंट्रोलर, म्हणजे विनंत्या सेवांकडे वळवणारा प्रोग्रॅम, चांगला, यावर पुष्कळ चर्चा होते, पण तो प्रश्न नंतरचा आहे. आधी पत्त्याचा प्रश्न सोडवावा लागतो : बाहेरचा पत्ता कोणाच्या मालकीचा, तो या क्षणी कोणत्या यंत्राकडे आहे, आणि ते यंत्र गेले तर तो किती वेळात दुसऱ्याकडे जातो.

ठाणे-नवी मुंबई परिसरात असे क्लस्टर साधारण दोन प्रकारच्या ठिकाणी चालवता येतात. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसी पट्ट्यात मोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या समुद्री केबल्स इथून जवळ आहेत, शिवाय औद्योगिक वसाहतीची जमीन आणि वीज हाताशी आहे. पनवेलजवळचे योट्टा या डेटा सेंटर कंपनीचे एनएम१ केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. अशा केंद्रात रॅकमधली जागा भाड्याने घेऊन स्वतःचे सर्व्हर ठेवणे हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार वागळे इस्टेटमधल्या किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या लहान कार्यालयाचा : तीन मिनी पीसी, एक स्विच, एक यूपीएस आणि ब्रॉडबँडची जोडणी. सोसायट्यांचे हिशेब किंवा पतसंस्थांचे खातेपुस्तक सांभाळणारे सॉफ्टवेअर चालवायला एवढी सामग्री पुरते. सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच असते, पत्त्याची परिस्थिती मात्र अगदी वेगळी.

आतली रचना

कंटेनर क्लस्टर सांभाळणारी कुबरनेटीस ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये खुली केली आणि तिची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. तिच्यात प्रोग्रॅम ‘पॉड’मध्ये चालतो आणि पॉड ‘नोड’वर, म्हणजे प्रत्यक्ष किंवा आभासी यंत्रावर, असतो. पॉड बंद पडून पुन्हा सुरू झाला की त्याचा पत्ता बदलतो, म्हणून पॉडच्या गटापुढे ‘सर्व्हिस’ नावाचा स्थिर पत्ता ठेवतात. क्लस्टरआयपी प्रकारची सर्व्हिस फक्त आतून दिसते. नोडपोर्ट प्रकारात प्रत्येक नोडवर ३०००० ते ३२७६७ यांमधला एक पोर्ट, म्हणजे क्रमांकित दार, उघडला जातो. लोडबॅलन्सर प्रकारात बाहेरचा पत्ता मागितला जातो, पण तो देण्याची सोय मूळ कुबरनेटीसमध्ये नाही. देणारा कोणी नसेल तर बाहेरच्या पत्त्याच्या रकान्यात ‘पेंडिंग’ हा शब्द तसाच राहतो. नवा क्लस्टर उभारणारे तो पाहून बिघाड शोधत बसतात. बिघाड काही नसतो. मागणी नोंदली गेलेली असते, पुरवणारा अजून बसवलेला नसतो.

अशा वेळी कार्यालयाच्या राउटरवर सुरक्षित संकेतस्थळांचा ४४३ क्रमांकाचा पोर्ट एखाद्या नोडच्या नोडपोर्टकडे वळवण्याचा मोह होतो, आणि संकेतस्थळ लगेच दिसूही लागते. पण राउटरमध्ये एकाच नोडचा पत्ता लिहिलेला असतो. तो नोड बंद पडला की उरलेले दोन ठणठणीत असूनही सेवा बंद. तीन यंत्रांसाठी पैसे मोजण्याचा हेतूच त्यात बुडतो.

पत्ता फिरता ठेवणे

ही उणीव भरून काढण्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे साधन मेटलएलबी. त्याला पत्त्यांचा एक साठा नेमून द्यायचा. लोडबॅलन्सर प्रकारची सर्व्हिस आली की ते साठ्यातला एक पत्ता तिला देते आणि तो जाळ्यात जाहीर करते. जाहीर करण्याच्या दोन पद्धती आहेत.

लेयर-२ पद्धतीत एक नोड त्या पत्त्याचा धारक ठरतो आणि स्थानिक जाळ्यातल्या एआरपी विचारणांना (अमुक आयपी पत्ता कोणत्या यंत्राकडे, असे विचारणाऱ्या संदेशांना) ‘हा पत्ता माझ्याकडे आहे’ असे उत्तर देतो. तो नोड बंद पडला की दुसरा नोड धारक होतो आणि न विचारताच एआरपी संदेश पाठवून स्विच व राउटर यांना नवा ठिकाणा कळवतो. हा बदल काही सेकंदांत होतो. राउटरने जुनी एआरपी नोंद धरून ठेवली तर उशीर लागतो, आणि स्वस्त राउटरच्या बाबतीत हे प्रत्यक्ष वायर काढून तपासल्याशिवाय कळत नाही. या पद्धतीला लोड बॅलन्सिंग म्हणणे तसे सैल आहे. एका पत्त्याची सगळी आवक एकाच नोडवर उतरते आणि तिथून पुढे वाटली जाते, त्यामुळे त्या नोडचे नेटवर्क कार्ड ही कमाल मर्यादा. लहान कार्यालयात इंटरनेटची जोडणीच त्याहून अरुंद असते, म्हणून ही मर्यादा तिथे बोचत नाही. माझ्या मते तीन नोडांच्या मांडणीला लेयर-२ पुरेशी आहे आणि तिथे बीजीपीच्या, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या, मागे लागू नये.

लेयर-२ वापरताना दोन तपशील हमखास निसटतात. मेटलएलबीला दिलेला साठा कार्यालयीन राउटरच्या डीएचसीपी कक्षेबाहेरचा, म्हणजे राउटर उपकरणांना आपोआप वाटतो त्या पत्त्यांबाहेरचा, हवा. तसा नसेल तर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी फोनला तोच पत्ता मिळतो आणि सेवा अधूनमधून गायब होऊ लागते. असा दोष शोधणे फार कटकटीचे असते. दुसरा तपशील कुबे-प्रॉक्सीचा, म्हणजे नोडवर सर्व्हिसची वाहतूक पॉडकडे नेणाऱ्या घटकाचा : तो आयपीव्हीएस या लिनक्समधल्या वाटणीच्या पद्धतीने चालत असेल तर ‘स्ट्रिक्ट एआरपी’ चालू करावे लागते, नाहीतर धारक नसलेले नोडही त्या पत्त्याबद्दल उत्तरे देतात. के३एस या कुबरनेटीसच्या हलक्या वितरणात ‘सर्व्हिसएलबी’ आधीच असते. ते नोडांचे स्वतःचे पत्तेच बाहेरचे म्हणून देते. मेटलएलबी बसवायचे असेल तर सर्व्हिसएलबी आधी बंद करावे.

बीजीपी पद्धतीत प्रत्येक नोड राउटरशी संवाद साधून ‘या पत्त्याकडे माझ्यामार्फत जाता येते’ असे कळवतो आणि राउटर वाहतूक सगळ्या नोडांत वाटतो. खासगी वापरासाठी ६४५१२ ते ६५५३४ हे स्वायत्त प्रणाली क्रमांक (बीजीपीत जाळ्याची ओळख सांगणारे) राखून ठेवलेले आहेत, तेच इथे चालतात. वाटणी खरी होते, पण एखादा नोड वाढला किंवा गळाला की अनेक राउटर पुन्हा नव्याने वाटणी करतात आणि चालू जोडण्या तुटतात. रॅक भाड्याने घेतलेल्याच्या हाती सहसा सार्वजनिक पत्त्यांचा एखादा लहान गट येतो. तो /२९ या आकाराचा असेल तर पत्ते ८. पहिला जाळ्याचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम संदेश देण्याचा), एक गेटवेचा (बाहेर नेणाऱ्या राउटरचा), म्हणजे वापराला उरले ५. तीन नोडांना एकेक सार्वजनिक पत्ता दिला तर मेटलएलबीसाठी दोनच राहतात, म्हणून नोडांना खासगी पत्ते देऊन सार्वजनिक पत्ते सेवांसाठी राखणे शहाणपणाचे.

जोडणीचा प्रश्न

कार्यालयीन किंवा घरगुती ब्रॉडबँडवर अडचण आणखी आधी सुरू होते. आयपीव्ही४ पत्ते अपुरे असल्याने अनेक पुरवठादार ग्राहकांना सीजीनॅटमागे, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे, ठेवतात. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ यांदरम्यान असेल तर तीच खूण. हा टापू २०१२ मध्ये खास त्यासाठी राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरची विनंती राउटरपर्यंतच येत नाही. उपाय तीन. एक, पुरवठादाराकडून पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे. दोन, आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी, विपुल पद्धत वापरणे. भारतात, विशेषतः मोबाइलवर, त्याचा प्रसार मोठा आहे आणि कुबरनेटीसमध्ये आयपीव्ही४ व आयपीव्ही६ एकत्र चालवण्याची सोय १.२३ आवृत्तीपासून स्थिर आहे. तरी ज्यांच्याकडे आयपीव्ही६ नाही ते ग्राहक त्यात वगळले जातात. तीन, मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये छोटा आभासी सर्व्हर घेऊन आपल्या क्लस्टरमधून त्याच्याकडे वायरगार्ड या साधनाचा एन्क्रिप्टेड बोगदा काढणे. विनंती त्या सर्व्हरवर उतरते आणि बोगद्यातून आत येते. अंतर कमी असल्याने विलंब फारसा जाणवत नाही.

रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, म्हणून दोन पुरवठादारांच्या जोडण्या घेतल्या जातात. पण पुरवठादाराने दिलेला पत्ता दुसऱ्या पुरवठादाराकडे नेता येत नाही. स्वतःचा गट बीजीपीने जाहीर करायचा तर /२४, म्हणजे २५६ पत्ते लागतात. त्याहून लहान गट जागतिक मार्गणात सहसा स्वीकारले जात नाहीत. लहान कंपनीला हे झेपत नाही. तिच्यासाठी वर सांगितलेला आभासी सर्व्हरच इथेही कामाला येतो : दोन्ही जोडण्यांवरून त्याच्याकडे बोगदे काढायचे आणि बाहेरचा पत्ता कायम त्याचाच ठेवायचा.

कंट्रोलर आणि नियम

पत्ता पक्का झाल्यावर त्याच्यामागे इनग्रेस कंट्रोलर बसतो. हा मूलतः रिव्हर्स प्रॉक्सी असतो. विनंतीतले होस्टचे नाव आणि पथ पाहून तो सर्व्हिस ठरवतो. एन्क्रिप्टेड जोडणीत होस्टचे नाव टीएलएस या एन्क्रिप्शन प्रोटोकॉलच्या एसएनआय नावाच्या विस्तारातून आधीच कळते, म्हणूनच एका पत्त्यावर अनेक संकेतस्थळे, प्रत्येक आपल्या प्रमाणपत्रासह, राहू शकतात. नियम लिहिण्याचे इनग्रेस संसाधन कुबरनेटीस १.१ मध्ये आले आणि २०२० मध्ये १.१९ आवृत्तीत स्थिर झाले. होस्ट आणि पथ यांपलीकडे त्यात फारसे काही मांडता येत नाही, म्हणून प्रत्येक कंट्रोलरने आपापली ॲनोटेशन, म्हणजे फाइलीला जोडायच्या जादा सूचना, काढली आणि एकाच्या फाइली दुसऱ्यावर चालेनाशा झाल्या.

बराच काळ इनग्रेस-एनजिनएक्स हा कंट्रोलर बहुतेकांची पहिली निवड होता. मार्च २०२५ मध्ये त्यात सीव्हीई-२०२५-१९७४ ही गंभीर त्रुटी उघड झाली : क्लस्टरच्या पॉड जाळ्यात पोहोचलेल्या कोणालाही, ओळख न पटवता, कंट्रोलरमध्ये आपला कोड चालवता येत होता. या कंट्रोलरला मूळ मांडणीत क्लस्टरभरची सगळी सीक्रेट (पासवर्ड, किल्ल्या) वाचता येतात, त्यामुळे धोका एका पॉडपुरता नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा प्रकल्प निवृत्त करण्याचे जाहीर झाले आणि देखभालीची मुदत मार्च २०२६ पर्यंत ठेवली गेली. निवृत्ती त्या एका कंट्रोलरची आहे. इनग्रेस संसाधन कुबरनेटीसमध्ये कायम आहे, फक्त त्यात नवी भर घालणे थांबले आहे. नव्या सुविधा ऑक्टोबर २०२३ मध्ये १.० झालेल्या गेटवे एपीआयमध्ये येतात. त्यात दार उघडणारा ‘गेटवे’ आणि मार्ग सांगणारा ‘एचटीटीपीरूट’ वेगळे असतात, म्हणून यंत्रणा सांभाळणारा आणि सॉफ्टवेअर लिहिणारा एकमेकांच्या फाइलींना हात न लावता काम करू शकतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने याच वाटेने जावे. ट्रेफिक, एन्व्हॉय गेटवे, सिलियम असे पर्याय आहेत. के३एस घेतले तर ट्रेफिक सोबतच येतो आणि लहान मांडणीला तो पुरतो.

ग्राहकाचा खरा पत्ता जपणे हा भाग दुर्लक्षित राहतो. सर्व्हिसचे ‘एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी’ मूळ ‘क्लस्टर’ या मूल्यावर असेल तर विनंती एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना तिचा स्रोत पत्ता बदलतो आणि नोंदवहीत सगळे ग्राहक आतल्याच पत्त्यांवरून आलेले दिसतात. ते ‘लोकल’ केले की खरा पत्ता राहतो, मात्र मग कंट्रोलरचा पॉड असलेल्या नोडवरच वाहतूक घेता येते. म्हणून कंट्रोलर डेमनसेट करून प्रत्येक नोडवर चालवावा. बोगदा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ग्राहकाचा मूळ पत्ता पुढे कळवणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल चालू करावा लागतो. हे केवळ नीटनेटकेपणासाठी नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. ज्या नोंदीत हल्लेखोराऐवजी आपल्याच नोडचा पत्ता आहे, ती त्या ६ तासांत काही कामाची नाही.

टीएलएस प्रमाणपत्रांसाठी ती मागवून नवी करणारा सर्ट-मॅनेजर आणि ती मोफत देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही जोडी रूढ आहे. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते आणि सर्ट-मॅनेजर मुदतीचा दोन तृतीयांश काळ गेला की ते नवे घेतो. डोमेन आपलेच आहे हे संकेतस्थळावरून पडताळणाऱ्या एचटीटीपी-०१ तपासणीला ८० क्रमांकाचा पोर्ट बाहेरून उघडा लागतो. ही तपासणी जगातल्या अनेक ठिकाणांहून एकाच वेळी होते, त्यामुळे सुरक्षेसाठी फायरवॉलवर फक्त भारतातले पत्ते सोडणाऱ्यांचे नूतनीकरण अडते. त्यांनी डीएनएस नोंदीवरून होणारी डीएनएस-०१ तपासणी घ्यावी. आतापर्यंत प्रमाणपत्र हाताने बदलणाऱ्यांनाही स्वयंचलनाकडे वळावे लागेल, कारण सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे.

मराठी मजकुराची संकेतस्थळे चालवणाऱ्यांना आणखी काही ठिकाणी ठेच लागते. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, आणि यूआरएलमध्ये टक्केचिन्हांसह लिहिले की ९ वर्णांचे होते. ‘ठाणे’ या नावात काना-मात्रा धरून चार चिन्हे आहेत, म्हणजे यूआरएलमध्ये ३६ वर्ण. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची विनंतीच्या पहिल्या ओळीची मूळ मर्यादा ८ किलोबाइट असल्याने सुमारे ९०० चिन्हांनंतर ४१४ क्रमांकाची त्रुटी येते. शोधाचे लांबलचक अर्ज म्हणून पोस्ट पद्धतीने, म्हणजे माहिती यूआरएलऐवजी विनंतीच्या मजकुरात घालून, पाठवावेत. एनजिनएक्सवर विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादाही १ मेगाबाइटच आहे. फोनवर काढलेला कागदपत्राचा फोटो त्यात मावत नाही आणि सभासदाला ४१३ ही त्रुटी दिसते. ‘.भारत’ ही देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतात, पण इनग्रेसच्या होस्ट रकान्यात देवनागरी नाव स्वीकारले जात नाही. तिथे एक्सएन आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारे त्याचे प्युनीकोड (रोमन अक्षरांतले) रूप लिहावे लागते. प्रमाणपत्राच्या मागणीतही हेच रूप द्यावे लागते.