मातृ वंदना योजना: पैसे कोणाला, कागद कोणते आणि तपासण्या किती

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. शेवटच्या पाळीच्या तारखेपासून 6 महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली असेल तर 3,000. बाळाची जन्मनोंद होऊन 14 आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये एकरकमी, जन्मानंतर. तरी नोंदणी गरोदरपणातच करून ठेवा.

अर्जदार किमान 18 वर्षे 7 महिन्यांची हवी. शिवाय ठरलेल्यांपैकी एक पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, बीपीएल किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, किसान सन्मान निधीचा लाभ, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांखाली असल्याचा दाखला. गरोदर आशा आणि अंगणवाडी सेविकाही पात्र आहेत. सरकारी नोकरीत कायम असलेल्या बाईला मात्र लाभ नाही.

बाकी कागद म्हणजे आधार, माता-बाल संरक्षण कार्ड (गरोदरपणाची नोंदणी केली की मिळतं ते) आणि पुढे बाळाचा जन्मदाखला. अर्ज आशाताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सताई भरून देतात, योजनेच्या पोर्टलवर स्वतःही भरता येतो. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही.

घोळ होतो तो बहुधा नावात आणि खात्यात. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, म्हणजे अर्ज अडकलाच. खाती दोन असतील तर पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात, आणि बाई मात्र दुसऱ्याच पासबुकावर एंट्री मारत बसते. त्यामुळे अर्जाआधी बँकेत विचारून घ्या.

माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं की आधी शेवटच्या पाळीची तारीख नीट लिहिली आहे का ते बघा. 6 महिन्यांचा हिशेब तिच्यावरूनच होतो. पुढे दर भेटीला वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनची नोंद करून घ्यायची.

पैशांसाठी एक तपासणी पुरते, पण बाईच्या तब्येतीला ती पुरत नाही. आपल्याकडे निदान चार सांगितल्या आहेत: पहिली 12 आठवड्यांच्या आत, दुसरी 14 ते 26, तिसरी 28 ते 34 आणि चौथी 36 व्या आठवड्यानंतर. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात 58.1 टक्के मातांच्याच चार किंवा जास्त तपासण्या झाल्या होत्या. शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या आणि पहिलटकरीण बायका जास्त वेळा जातात. कमी शिकलेल्या, गरीब, तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या मागे पडतात. योजनेचा मोठा भाग मात्र पहिलटकरणीसाठीच आहे, तिसऱ्या खेपेला काहीच नाही. मला हे उलटं वाटतं. जिला दवाखान्यात आणायला काहीतरी हवं, तिच्याच वाट्याला ते येत नाही.

म्हणून योजनेत न बसणाऱ्यांनी, वय कमी भरणाऱ्यांनीसुद्धा, नोंदणी टाळू नये. सरकारी दवाखान्यात तपासण्या मोफतच असतात, आणि दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी किंवा बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्यांनी कार्ड सोबत न्यावं. तिथल्या उपकेंद्रात ते दाखवलं की पुढच्या तपासण्या त्याच कार्डावर चढतात. दुर्दैवाने गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणात नव्याने अर्ज करता येतो.