वरात का धडधडते?

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. आर्वी तालुक्यातलंच, 1974 सालचं लग्न. नवरदेवाच्या अमेरिकेत शिकणाऱ्या भावाने सुपर एट, म्हणजे 8 मिमी रुंद फिल्मच्या घरगुती कॅमेऱ्यावर टिपलेलं. दारापुढचा मांडव, बंडीतून उतरणारे वऱ्हाडी, वाजंत्री, सगळं होतं. पण अख्खी वरात धडधडत होती. चित्र उजळायचं, काळवंडायचं, पुन्हा उजळायचं, आणि मधूनच काळे पट्टे सरकायचे. खाली लगेच निदान आलं: "रीळ सडलं राजेहो, किती दिवस टिकन?" एकाने तर गेलेल्या माणसांची हलती चित्रं उकरून काढू नयेत, असंही लिहिलं. म्हणजे भुताटकीसुद्धा झाली.

मी ते रीळ मागून आणलं आणि भिंगाखाली धरलं. रीळ ठणठणीत होतं. डबीवर कोडाक्रोम लिहिलेलं. अंधारात ठेवलं तर या फिल्मचे रंग फार टिकतात. नवरीच्या शालूचा लाल आजही लालच होता.

मग धडधड कुठली? घरच्या मुलाने प्रोजेक्टर लावून भिंतीवर पिक्चर पाडला होता आणि समोर मोबाइल धरला होता. गोम तिथेच आहे.

प्रोजेक्टरच्या पोटात एक नखी असते. ती फिल्मच्या भोकात अडकते, एक फ्रेम खाली ओढते, सुटते आणि परत वर जाते. फिल्म सरकताना उजेड चालू राहिला तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल, म्हणून तेवढा वेळ फिरत्या चकतीचं पातं दिव्याआड येतं. या कामाला एक पातं पुरे. पण सुपर एटचा वेग सेकंदाला 18 फ्रेमचा, आणि सेकंदाला 18 वेळा होणारी उघडझाप डोळ्याला छळते. म्हणून चकतीला तीन पाती देतात आणि एकच फ्रेम तीनदा दाखवतात. 18 त्रिक 54. इतकी भरभर उघडझाप झाली की आपल्याला उजेड सलग वाटतो. (शाळेत आपण सिनेमाचं सगळं श्रेय दृष्टिसातत्याला, म्हणजे डोळ्यात क्षणभर टिकणाऱ्या चित्राला, देऊन मोकळे होतो, मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. उघडझाप लपते ती त्याच्यामुळे. पण स्थिर चित्रांतून हालचाल दिसते, ती मेंदूची करामत. मानसशास्त्रज्ञ माक्स व्हेर्टहाइमर यांनी 1912 मध्येच ती प्रयोगाने दाखवली.)

आता मोबाइलकडे या. तो सेकंदाला 30 फ्रेम टिपतो. त्याच्या प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला बरोबर दोन उघडझापा आल्या असत्या तर सगळ्या फ्रेम सारख्याच उजळ आल्या असत्या. त्यासाठी 60 हव्यात. आहेत 54. त्यामुळे एका फ्रेमला उजेड जास्त मिळतो, पुढचीला पात्याची सावली जास्त, आणि हा फेरा सेकंदाला 60 वजा 54, म्हणजे सहा वेळा पुरा होतो. बंडीच्या दोन बैलांची चाल जराशी वेगळी असली की गळ्यातल्या घुंगरमाळा कधी एकसाथ वाजतात, कधी मागेपुढे, पुन्हा एकसाथ. कानाला ऐकू येतो तो त्या दोन चालींतला फरक. वरात धडधडते ती अशी. मोबाइलचा सेन्सर तर चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतो, म्हणून सावलीचे पट्टे होतात.

यावर जुनी युक्ती आहे. कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेमवर ठेवायचा आणि प्रोजेक्टर हळू करून 16⅔ फ्रेमवर आणायचा. 16⅔ त्रिक 50, म्हणजे दर फ्रेमला नेमक्या दोन उघडझापा, आणि धडधड गायब. कागदावर गायब. आमच्याकडे शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, त्याबरोबर मोटरचा वेगही पडतो, आणि वरात पुन्हा धडधडायला लागते.

तेव्हा वेगाशी झगडणंच सोडलं. प्रोजेक्टरची पाती काढली. दिवाही काढला, कारण त्याच्या आचेसमोर फ्रेम थांबून राहिली तर भाजून निघेल. त्या जागी एलईडी आणि पुढे दुधी अॅक्रिलिकचा तुकडा लावला. नखी फिरवायला गॅरेजमधून आणलेली जीपच्या वायपरची मोटर. तिला आणि एलईडीला वीज दिली फवारणी पंपाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीने. व्होल्टेजची कटकट नाही, लोडशेडिंगची नाही. दांड्यावर एक चुंबक बसवलं. नखी भोकातून सुटून फिल्म स्थिर झाली की ते एका स्विचजवळून जातं, कॅमेऱ्याच्या रिमोटच्या तारा जोडल्या जातात आणि एक फोटो निघतो. एका फ्रेमचा एक फोटो, साधारण सेकंदाला एक. 50 फुटी रिळात 3600 फ्रेम, म्हणजे तासभराचं काम आणि 3 मिनिटं 20 सेकंदांची वरात. डीएसएलआर कॅमेऱ्याचं शटर साधारण लाखभर क्लिकचं धरतात, हे दहा रिळं हातात घेण्याआधी ध्यानात ठेवा.

खरी कसोटी लेन्सची. सुपर एटची फ्रेम 5.79 बाय 4.01 मिमी, तुरीच्या दाण्याएवढी. ती सेन्सरवर तिप्पट करायला मी जुनी लेन्स उलट्या बाजूने नळ्यांवर बसवली. आता सगळं नीट फोकसमध्ये यावं म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, बारीक करावंसं वाटतं (एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितकं ते बारीक). ते करू नका. तिप्पट मोठं करताना एफ/8 हे प्रत्यक्षात 8 गुणिले (1+3), म्हणजे एफ/32 सारखं वागतं, आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, प्रत्येक बिंदूचा सेन्सरवर सुमारे 43 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) ठिपका होतो. सेन्सरचा एक पिक्सेल जेमतेम 4 मायक्रॉनचा. म्हणून मी एफ/4 वर थांबलो. तिथे फोकसची जाडी 0.07 मिमीच्या आसपास, खुद्द फिल्मच्या जाडीच्या निम्मीच. फोकस रंगाच्या थरावर बसवला की पाठीवरचे ओरखडे आपोआप धूसर होतात. हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता.

फोटो जोडून 18 च्या वेगाने चालवले आणि नवरदेवाच्या घरी दाखवले. नातवाने तिथल्या तिथे मोबाइलवरच्या एका एआय अॅपमधून व्हिडिओ काढला. चित्र लख्ख झालं. पण आजीच्या कपाळावरचं गोंदण गेलं! अॅपला तो डाग वाटला असावा. अशी अॅप हरवलेलं परत आणत नाहीत, अंदाजाने भरतात. मूळ फोटो जपून ठेवा आणि मग काय चमकवायचं ते चमकवा.

निघताना त्यांनी आणखी एक डबी पुढे केली, "हेही पाहून घ्या जी मास्तर." झाकण काढताच आंबूस वास आला. हे मात्र खरंच सडणं. फिल्मच्या अॅसिटेट पट्टीतून अॅसेटिक आम्ल सुटतं, तेच आम्ल पुढचं सडणं वाढवतं, आणि बंद डबीत त्याला बाहेर जायला वाट नसते. आमच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ही क्रिया किती जोरात चालत असेल, ते वासावरूनच कळत होतं. कडा लहरल्या होत्या, पण फिल्म अजून नखीतून जाईल इतकी सरळ आहे. म्हणून रांगेत आधीपासून असलेलं एका बारशाचं चांगलं रीळ बाजूला ठेवलंय आणि मशीनवर आधी हे चढवलंय.