ऑपरेटिंग सिस्टीमची निवड (इंदूर)

ऑपरेटिंग सिस्टीमची निवड : घर, दुकान किंवा कार्यालयातील रोजच्या कामासाठी संगणकावर विंडोज, लिनक्स, मॅकओएस वा क्रोमओएस यांपैकी काय ठेवायचे याचा निर्णय. यंत्राची मेमरी, डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर यांचा कारभार पाहणारा आणि बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना जागा करून देणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. इंदूरमध्ये हा निर्णय बहुधा ग्राहक घेतच नाही. असेंबल्ड पीसी बांधून देणारा दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो आणि विषय संपतो.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा हा विषय पुन्हा निघाला. यंत्र त्यानंतरही चालते, पण सुरक्षेची अपडेट थांबतात. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत नोंदणी केल्यास ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप, किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी डिस्क आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीचा वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. अटी चुकवून ते जुन्या यंत्रावरही बसवता येते व तसे बसवून दिलेही जाते. मात्र अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

निवड करताना सिस्टीमचे नाव शेवटी यावे. आधी पाहायचे ते असे काम, जे जागचे हलवता येत नाही. इंदूर हे व्यापाराचे शहर. सियागंजची घाऊक दुकाने, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, छावणीची धान्य मंडी येथे, आणि त्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या मराठी मुनीम-लेखापालांच्या घरीही, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाचून पान हलत नाही. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलेले आहे. विंडोजचे काही प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे वाइन 1993 पासून विकसित होत आहे, तरी जीएसटीची पूर्ण वही त्याच्या भरवशावर टाकणे शहाणपणाचे नाही. निविदा आणि विवरणपत्रांसाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनचेही तसेच: त्याचे ड्रायव्हर (यंत्राला जोडलेले उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आधी विंडोजसाठी तयार होतात, इतरांसाठी मिळाले तर ते आपल्या टोकनवर चालतात का हे तपासावे लागते. प्रिंटर हा तिसरा अडथळा. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सवर विनातक्रार चालतात. कॅनन एलबीपी 2900 सारख्या, दुकानादुकानात दिसणाऱ्या प्रिंटरला मात्र कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि लिनक्सवर तो बसवणे किचकट आहे. टॅली, टोकन किंवा असा प्रिंटर यांपैकी एकही गोष्ट रोज लागत असेल तर त्या यंत्रावर विंडोजच ठेवावे; वाद घालण्यात अर्थ नाही.

लिपीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि त्याबद्दलचे गैरसमजही जास्त. रामबाग किंवा लोकमान्यनगरातल्या मराठी माणसाला कचेरीत हिंदी, घरी व मंडळात मराठी आणि बाकी इंग्रजी असे तिन्ही लिहावे लागते. मध्य प्रदेशात कृतिदेव हा फाँट वर्षानुवर्षे रुळलेला आहे. त्यात देवनागरी अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. म्हणून फाँट नसलेल्या यंत्रावर ‘कमल’ हा शब्द डी, ई, वाय अशी तीन इंग्रजी अक्षरे होऊन दिसतो. ‘कृतिदेव हवा म्हणून विंडोज हवे’ हे तितकेसे खरे नाही, कारण फाँटची फाइल लिनक्सवर वा मॅकवरही बसते. विंडोजला बांधलेले असते ते श्री-लिपीसारखे संपूर्ण सॉफ्टवेअर आणि छापखान्यांतली पेजमेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरची जुनी कामे, पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती 2001 सालची आहे. मंडळांच्या जुन्या स्मरणिका अशा फाइलींत अडकलेल्या असतील तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आणाव्यात. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावेच लागतात.

नवा मजकूर युनिकोडमध्ये लिहिला की सिस्टीम कोणती हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कीबोर्ड विंडोज, लिनक्स व मॅकओएस तिन्हींवर आहे. त्यात इंग्रजी जे च्या कळीवर र, शिफ्टसह ऱ. एन वर ल, शिफ्टसह ळ. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे लिहिता येण्यासाठी हा ऱ लागतोच. रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड विंडोज 10 च्या 2019 मधील अपडेटपासून मिळतो. लिनक्सवर आयबस आणि एम17एन या टंकनाच्या प्रोग्रॅमांची जोडी तेच काम करते. शासकीय नोकरीसाठी सीपीसीटी ही मध्य प्रदेशातली संगणक-कौशल्य परीक्षा देणाऱ्यांनी मात्र फोनेटिकची सवय लावून घेऊ नये, कारण त्या परीक्षेत हिंदी टंकनासाठी रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडण्यांचे पर्याय असतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर नोटो सॅन्स देवनागरीसारखा फाँट घेऊन मजकुराची भाषा मराठी अशी नेमावी. हिंदी नेमली की हिंदी वळण येते.

टॅली नाही, टोकन नाही, काम पत्रे लिहिणे, बँक, मेल, व्हिडिओ कॉल आणि मुलांचा अभ्यास एवढेच, अशा घरी जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा उत्तम पर्याय आहे. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये लिहायला घेतलेल्या या गाभ्यावर अनेक सिस्टीम उभ्या आहेत; उबंटू आणि मिंट त्यांपैकीच. उबंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. विंडोजची सवय असलेल्याला मिंट अधिक ओळखीचे वाटते. 4 जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियन या लिनक्स सिस्टीमवर बांधलेली बॉस ही भारतीय भाषांचा विचार करून केलेली सिस्टीम आहे, पण अडचण आल्यावर मदत मिळण्याच्या दृष्टीने घरी मिंट किंवा उबंटूच सोयीचे. वर्डच्या साध्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात. गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधीकधी हलते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवल्याने जुन्या यंत्राला जो वेग येतो, तो नुसती सिस्टीम बदलून येत नाही, हेही दुकानात विचारून घ्यावे.

मॅकओएस ॲपलच्या यंत्रांसोबतच येते. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी मॅकओएस 26 ही शेवटची आवृत्ती आहे, तेव्हा जुने इंटेल मॅक स्वस्तात मिळाले तरी आता घेऊ नये. सगळे काम ब्राउझरमध्येच होत असेल तर गूगलचे क्रोमओएस फ्लेक्स जुन्या पीसीवर फुकट बसवता येते.

‘ॲक्टिव्हेटर’ (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) मारून चालू केलेले विंडोज हा निवडीतला पर्याय धरू नये. असा प्रोग्रॅम चालवण्यासाठी बहुधा अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाकला जातो.

लिनक्स बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून ते चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर पाहता येतात. डिस्कला हात लागत नाही. विंडोजशेजारी ड्युअल बूट करायचे, म्हणजे एकाच यंत्रावर दोन्ही सिस्टीम ठेवायच्या, असल्यास बिटलॉकर या डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी, ती मागितली गेली आणि जवळ नसली तर डिस्कवरचा मजकूर उघडत नाही. दुकानातले यंत्र बदलताना तारखाही पाहाव्या लागतात: मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांचे जीएसटीआर-1 साधारणपणे 11 तारखेपर्यंत आणि 3बी 20 तारखेपर्यंत जाते. त्यामुळे महिन्याचा शेवटचा आठवडा बरा, मार्च सोडून. आणि टॅलीचा बॅकअप नव्या यंत्रावर उघडून ताळेबंद जुळेपर्यंत जुने यंत्र फॉरमॅट मारायला देऊ नये.