मुंबईची भावी टॅक्सी

शहरात भाड्याने चालवण्यासाठीच मुळापासून आखलेल्या मोटारीच्या रचना-कल्पना. घरगुती वापराची मोटार घ्यायची, तिला काळा-पिवळा रंग द्यायचा आणि मीटर बसवायचा, ही मुंबईची आजवरची रीत. भावी टॅक्सीचा विचार ही रीत सोडल्यावरच सुरू होतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून बनवलेली फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने शहरभर धावली. १,०८९ घनसेंमीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे अखंड सीट आणि कोणत्याही गल्लीतल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येईल असा साधेपणा. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीचे पासिंग ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाले आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर तीही रस्त्यावरून उतरली. तिची जागा सँट्रो, वॅगन-आर अशा छोट्या मोटारींनी घेतली. या गाड्या चांगल्या आहेत, पण टॅक्सी म्हणून जन्मलेल्या नाहीत. सीएनजीचा सिलिंडर डिकीतच बसतो. गणपतीला गावी निघालेले चौघांचे कुटुंब दादरला जायला टॅक्सी करते, तेव्हा एक बॅग मांडीवर, एक पायाशी आणि उरलेल्या टपावरच्या कॅरिअरला दोरीने बांधलेल्या असतात. भर पावसात त्यांच्यावर प्लॅस्टिक टाकायचे.

वेगळ्या टॅक्सीची कल्पना जगाला नवी नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९७६ साली केवळ टॅक्सीच्या नमुन्यांचे प्रदर्शन भरवले होते. त्यात इटालियन मोटार-रचनाकार जॉर्जेत्तो जुजारो यांनी अल्फा रोमिओसाठी आखलेली उंच, सरकत्या दारांची गाडी होती. त्याच शहराने २०११ साली ‘उद्याची टॅक्सी’ म्हणून निसान एनव्ही२०० निवडली. टोकियोत २०१७ पासून धावणाऱ्या टोयोटाच्या जेपीएन टॅक्सीलाही प्रवाशाच्या बाजूने सरकते दार आहे. लंडनच्या नव्या काळ्या टॅक्सीत व्हीलचेअर आत घेण्यासाठी उतरती फळी अंगचीच असते. सरकत्या दाराची मुंबईला विशेष गरज आहे: सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीचे डावे दार उघडले की फुटपाथच्या बाजूने घुसणारा दुचाकीस्वार त्यावर आदळण्याची भीती असते.

मुंबईसाठी खरी अवघड गोष्ट गाडीच्या उंचीची आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींना चढता यावे म्हणून तळ खाली हवा. हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबले की तोच तळ वर हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तेवढा रोज पडत नाही, पण गुडघाभर पाणी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे साचतेच. विजेच्या गाडीत बॅटरी सहसा तळाशी असते, त्यामुळे तिला पाणीबंद कवच लागते. थांब्यावर खाली झुकणारे आणि सुटताना वर उठणारे हवेचे सस्पेन्शन काही बसमध्ये असते. ते टॅक्सीत आणणे खर्चाचे असले, तरी दोन्ही गरजा एकत्र भागवणारा हा सर्वांत पटणारा मार्ग आहे. चार्जिंगचा प्रश्नही असाच इथला. पुष्कळ टॅक्सी रात्री रस्त्याकडेलाच उभ्या राहतात. घरी प्लग लावून सकाळी निघायची सोय नसेल तर काही मिनिटांत बदलता येणारी बॅटरी किंवा स्टँडवरच चार्जिंग हवे.

लांबून ओळख पटणे हेही रचनेचेच काम आहे. परिवहन विभागाने टपावर तीन रंगांचे दिवे लावण्याचे ठरवले होते: रिकामी असेल तर हिरवा, भाडे असेल तर लाल, सेवेत नसेल तर पांढरा. पावसात हात करून उभ्या असलेल्या माणसाला यातून लगेच कळते. काळा-पिवळा रंग मात्र कोणत्याही नव्या आकारावर राहायलाच हवा. २०१५ साली सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमाने तरुण चित्रकारांची कापडे सीटवर आणि छताला चढवली. जुन्या काळ्या-पिवळीच्या पोटात केवढी जागा आहे, ते त्यातून दिसले. घोड्यांच्या व्हिक्टोरिया बग्ग्या बंद पडल्यावर त्याच घाटाच्या विजेवरच्या गाड्याही २०२१ मध्ये आल्या.

चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीचे नमुने परदेशात पुढे गेले आहेत. झूक्स या अमेरिकी कंपनीने २०२० साली दाखवलेल्या गाडीला स्टिअरिंग नाही, चार प्रवासी समोरासमोर बसतात आणि ती दोन्ही दिशांना सारखीच धावते. भारतात मात्र रोजगार जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले आहे. त्यामुळे मुंबईच्या आराखड्यात चालकाची जागा प्रवाशाच्या जागेइतकीच बारकाईने आखावी लागते: कंबरेला आधार, पाय मोकळे करायला जागा, पाण्याची बाटली आणि डबा ठेवायला कप्पा, मोबाइल डोळ्यांसमोर धरणारे स्टँड, आणि दुपारी दोन भाड्यांच्या मध्ये पाठ टेकवता येईल अशी मागे झुकणारी सीट.