सॅकभरणी व वजनमापन

अनेक दिवसांच्या पदभ्रमणासाठी सामान निवडणे, प्रत्येक वस्तू तोलून तिची नोंद करणे आणि ते सारे पाठीवरच्या सॅकमध्ये ठरावीक रचनेने भरणे, अशी ही पूर्वतयारी असते. एका दिवसाच्या फेरीत अंदाज चुकला तरी निभावते, परंतु मुक्कामाच्या वाटचालीत अंथरूण, अन्न, पाणी आणि कोरडे कपडे सगळेच पाठीवर असल्यामुळे एखाद्या किलोची चूकही दुसऱ्या दिवशी खांद्यांना आणि गुडघ्यांना जाणवते.

वजनाचा हिशेब तीन भागांत मांडतात. सॅक, स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे, टॉर्च, औषधे अशा प्रवासभर तसेच राहणाऱ्या वस्तूंचे ते मूळ वजन. अन्न, पाणी आणि इंधन यांचे ते संपत जाणारे वजन. आणि बूट, काठी, अंगावरचे कपडे यांचे तिसरे. तुलना नेहमी मूळ वजनाची करतात, कारण पाणी-अन्न किती घ्यायचे हे वाटेवर ठरते. दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो, मूळ वजनाखालच्या भरणीला अतिहलकी आणि वीस पौंडांखालच्या भरणीला हलकी म्हणण्याचा प्रघात अमेरिकेतून आला. तिथल्या ॲपलेशियन ट्रेलवर १९५५ साली एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या बाईंनी तंबूशिवाय, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी टाकून संपूर्ण वाट पार केली होती, तेव्हा हलके चालणे ही केवळ महागड्या साहित्याची करामत नव्हे. भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जड असू नये, हा ढोबळ नियम मात्र सर्वसाधारणपणे पाळला जातो. साठ किलोच्या माणसासाठी ही मर्यादा बारा किलो होते.

कोल्हापूर परिसरात या हिशेबाला पावसाची मोठी जोड द्यावी लागते. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये ज्या वाटेने निसटले, त्या पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर आणि पुढे विशाळगडापर्यंत दरवर्षी पदभ्रमण होते आणि तेही ऐन पावसाळ्यात. कोल्हापूर शहरापेक्षा पश्चिमेकडच्या घाटमाथ्यावर पाऊस कितीतरी पट अधिक पडतो. त्यामुळे घरी काट्यावर दिसणारा आकडा हा कोरड्या सामानाचा असतो आणि याच वाटेवरचे मसाई पठार ओलांडेपर्यंत तो खरा राहीलच असे नाही. सुती कपडे आणि विशेषतः जीन्स पाणी धरून ठेवतात व लवकर वाळत नाहीत. पिसांची स्लीपिंग बॅग भिजली तर जड होतेच, शिवाय तिची ऊबही जाते. धनगरी घोंगडे ओले झाले तरी काही ऊब देते हे खरे, पण भिजलेले घोंगडे पाठीवर वाहणे हे सवयीच्या माणसाचेच काम आहे. सामान कोरडे राखणे हा इथे वजन कमी ठेवण्याचाच एक मार्ग ठरतो. सॅकवरचे रेनकव्हर पुरेसे पडत नाही, कारण पाणी पाठीच्या बाजूने झिरपत तळाशी साचते आणि तळाशीच बहुतेकांची स्लीपिंग बॅग असते. म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळे सामान तीत भरतात आणि रात्रीचा कपड्यांचा जोड वेगळ्या पिशवीत गुंडाळतात. सकाळी कितीही जिवावर आले तरी चालताना ओला जोडच पुन्हा चढवावा लागतो. छत्रीचे वजन घरीच वाचवावे, कारण पठारावरचा वारा ती टिकू देत नाही.

दिवाळीनंतर गणित उलटते. पठारावरच्या सच्छिद्र जांभ्यात पाणी टिकत नाही, ओढे आटत जातात आणि पावसाळ्यात दोन लिटरवर भागणाऱ्याला तीन-चार लिटर पाणी वाहावे लागते. लिटरमागे एक किलो हे वजन कोणत्याही महाग साहित्याने घटत नाही.

तोलण्यासाठी सुट्या वस्तूंना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि भरलेल्या सॅकला हुकाचा काटा वापरतात. तो नसल्यास वजनकाट्यावर आधी सॅकसह व मग सॅकशिवाय उभे राहून फरक काढता येतो. हाताने उचलून केलेला अंदाज फसवा असतो, कारण शंभर-दोनशे ग्रॅमच्या वस्तू एकेकट्या जाणवत नाहीत आणि एकत्र आल्या की किलो-दोन किलो होतात. उदाहरणार्थ, सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग एक किलो दोनशे ग्रॅम, मॅट तीनशे, जादा कपडे एक किलो दोनशे, पावसाळी कपडे पाचशे आणि किरकोळ सामान सहाशे ग्रॅम धरल्यास मूळ वजन पाच किलो तीनशे ग्रॅम होते. दोन दिवसांचे कोरडे अन्न आणि दोन लिटर पाणी मिळून ते साडेआठ किलोंच्या आसपास जाते.

अन्नात वजनामागे मिळणारी ऊर्जा पाहतात. स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून नऊ, तर पिष्टमय पदार्थांमधून चार किलोकॅलरी मिळतात, म्हणून शेंगदाणे आणि गूळ ही जोडी वजनाला स्वस्त पडते. भडंग हलके असले तरी जागा फार खाते. दशम्या, धपाटे पहिल्या दिवशी संपवावेत.

भरताना हलकी अंथरुणे तळाशी, जड वस्तू पाठीला चिकटून मध्यभागी आणि रेनकोट, टॉर्च, खाऊ वरच्या कप्प्यात ठेवतात. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेल्या तर सॅक मागे ओढते आणि तोल सांभाळण्यासाठी चालणारा पुढे वाकतो. चिखलाच्या उतारावर हे धोक्याचे असते. कमरेचा पट्टा नीट आवळल्यास बहुतांश भार खांद्यांवरून कमरेवर येतो. गटाचे सामान, म्हणजे पातेली, स्टोव्ह, दोर, वाटून घेतात. मोठ्या मोहिमांत सॅक अनेकदा टेम्पोतून मुक्कामी पोहोचते, त्यामुळे तिथे ही शिस्त सैल पडलेली दिसते.

परतल्यावर यादी पुन्हा काढून न वापरलेल्या वस्तूंवर खूण करतात आणि पुढच्या खेपेला त्या गाळतात. प्रथमोपचाराचे सामान, शिट्टी आणि टॉर्चचे जादा सेल मात्र न वापरले गेले तरी यादीत राहतात.