साखर उतरली की हृदयविकाराचा झटका आला?

दरदरून घाम, छातीत धडधड, हातापायांतले बळ जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे मधुमेही माणसात रक्तातील साखर उतरल्याचीही असतात आणि हृदयविकाराच्या झटक्याचीही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले; त्यामुळे हा घोटाळा आपल्याकडे कोणत्याही घरात होऊ शकतो.

साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन हे संप्रेरक सोडते आणि त्यातून घाम, कंप, धडधड सुरू होते, सोबत कडाडून भूक लागते. ती ५४ च्याही खाली गेली की मेंदूला इंधन अपुरे पडते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो, विनाकारण चिडतो किंवा गुंगीत जातो. झटक्यात मात्र हृदयाची धमनी गुठळीने बंद झालेली असते; छातीच्या मधोमध दाब येतो, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, श्वास अपुरा पडतो. हा फरक कागदावर स्पष्ट असला तरी जुन्या मधुमेहात नसा बधिर झाल्याने झटका न दुखताही येतो, आणि बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे, घेणाऱ्यांची साखर उतरताना कंप व धडधड दबून केवळ घामच दिसतो.

म्हणून आधीच्या काही तासांचा हिशेब विचारावा. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि अकराची पेज राहून गेली, तर संशय साखरेवर जातो. एप्रिलमध्ये उपाशीपोटी घेतलेल्या हुर्राकाचेही, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचेही, तेच, कारण दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही आणि तिचा परिणाम काही तासांनी, अनेकदा झोपेत, दिसतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा इतकी उतरत नाही.

आपल्याकडे घाम फुटला की शेजारी आधी जिभेखाली सॉर्बिट्रेट ही हृदयविकारावरची गोळी ठेवायला धावतात. ती गोळी रक्तदाब उतरवते आणि साखरेला तिचा काडीचाही उपयोग नाही. माझ्या मते आधी ग्लुकोमीटर काढावा. आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये. यंत्र नसल्यास शुद्धीवरच्या माणसाला साखर द्यावी, कारण झटका असला तरी तेवढ्या साखरेने बिघडत नाही. छातीत दाब असेल, शुद्ध हरपली असेल किंवा साखर वर येऊनही त्रास थांबत नसेल, तर १०८ ला फोन करावा. आकडा कमी आला म्हणून झटका नाहीच असे धरून चालू नये, कारण दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

कारण साखर उतरणे हे झटक्याचे निरुपद्रवी सोंग नव्हे. ॲड्रेनलिनने ठोके आणि वरचा रक्तदाब वाढतो, म्हणजे हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि आधीच अरुंद झालेल्या धमन्या ती भागवू शकत नाहीत. त्याच वेळी रक्तातील बिंबिका (प्लेटलेट्स) अधिक चिकट होतात, दाह वाढवणारी द्रव्ये सुटतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची वाहिनी रुंदावण्याची क्षमता मंदावते. इन्सुलिन आणि ॲड्रेनलिन मिळून रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलतात; ईसीजीवर क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, लांबते आणि ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. रात्री तर सुरुवातीच्या धडधडीनंतर हृदय उलट संथ होऊ शकते, आणि झोपलेल्याला काहीच कळत नाही.

उत्तर अमेरिकेतील अकॉर्ड या चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेले टाइप २ मधुमेहाचे १०,२५१ रुग्ण होते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा कडक प्रयत्न झालेल्या गटात मृत्यू अधिक झाल्याने त्या गटाचे कडक उपचार फेब्रुवारी २००८ मध्ये थांबवावे लागले. ते मृत्यू साखर उतरल्यानेच झाले असे सिद्ध झालेले नाही. पण तेव्हापासून वयस्क, हृदयरोगी आणि वारंवार साखर उतरणाऱ्या रुग्णांसाठी एचबीए१सीची मर्यादा ८ टक्क्यांपर्यंत सैल ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल आहे. ग्लुकोमीटरवर दिसलेला प्रत्येक कमी आकडा वेळेसह वहीत लिहून पुढच्या भेटीत दाखवला, तर गोळीची मात्रा त्यावरूनच ठरते.